हरणाऱ्या संघाची पहिली निवड

भाचीबाई, एनबीए संघाच्या ऑफिसात नोकरी लागली, पेढे खाऊन झाले, आता कामाचं बोलू. तुझा संघ यंदा सपाटून मार खातोय आणि ड्राफ्टमध्ये अगदी वरची निवड हाती यायची शक्यता आहे. तुला तिथे आकडेमोडीला घेतलंय, शहाणपण शिकवायला नाही, हे खरं. पण मीटिंगमध्ये कधीतरी कुणी खुर्ची वळवून विचारणारच की तुझं मत काय. त्या वेळी मूग गिळून बसू नकोस. ऐंशीच्या दशकापासून डेट्रॉइटजवळ राहून या खेळाच्या नादी लागलेला मामा चार गोष्टी सांगतोय, पटतील तेवढ्यांची पदराला गाठ मार.

आधी निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीचं. तिच्या भरवशावर घर बांधू नका. एक ते चौदा आकड्यांचे चेंडू यंत्रात घुसळतात, चार बाहेर येतात. त्यांचे 1,001 संच होतात, त्यातला एक बाद करून उरलेले हजार संघांना वाटलेले असतात. 2019 साली बदललेल्या नियमांनुसार तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी 140 संच मिळाले, म्हणजे जेमतेम 14 टक्के. त्या नियमांत सगळ्यात तळाचा संघ घसरत पाचव्या निवडीपर्यंत जाऊ शकतो. आमच्या डेट्रॉइटच्या नशिबी 2022, 2023 आणि 2024 अशी तिन्ही वर्षं पाचवीच निवड आली, आणि त्यातली दोन वर्षं तर आम्ही लीगच्या अगदी बुडाशी होतो. 2025 ला डॅलसकडे अवघी 1.8 टक्के शक्यता होती, तरी पहिली निवड त्यांनी नेली आणि कूपर फ्लॅगला घेतलं. त्याच वर्षी 65 सामने हरलेल्या युटाच्या हाती पाचवी आली.

तेव्हा मार्च महिन्यात कुणी तुला गुपचूप म्हणालं की आता हरत राहण्यातच फायदा आहे, तर फिलाडेल्फियाचं नाव घे. तिथे 2013 पासून संघाचा कारभारी सॅम हिंकीने मुद्दाम तळ गाठायचं धोरण चालवलं. विजय 19, मग 18, मग 10. निवडीही चांगल्या मिळाल्या, जोएल एम्बीड मिळाला, बेन सिमन्स मिळाला. पण 2018 ते 2024 अशी ओळीने सात वर्षं प्लेऑफ खेळून हा संघ एकदाही दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही. हरायची सवय लागलेल्या ड्रेसिंग रूममधून ती सवय काढायला फार वर्षं लागतात, आणि ती कुठल्या ड्राफ्टमध्ये विकत मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. मीटिंगमध्ये एक शब्द हमखास येईल, 'गरज'. आपल्याला उंच सेंटर हवा, आपल्याला गार्ड नको, गार्ड आपल्याकडे आहे. हा शब्द आला की कान टवकार. साठ सामने हरणाऱ्या संघाला कसली आलीय ठरावीक गरज? सगळ्याचीच बोंब आहे. तिथे सर्वांत गुणी पोरगा उचलायचा, तो कुठे खेळेल ते मागाहून बघायचं.

1984 चं पोर्टलंड सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी मी सांगणारच. दुसरी निवड त्यांच्या हातात होती. गंमत म्हणजे तो हरणारा संघ नव्हताच, ती निवड इंडियानाशी केलेल्या जुन्या सौद्यातून आलेली. क्लाइड ड्रेक्सलर आदल्या वर्षीच घेतला होता, म्हणून त्याच्याच जागी खेळणारा मायकेल जॉर्डन नको, सेंटर हवा. ह्यूस्टनने हकीम ओलाजुवॉनला नेलंच होतं. मग पोर्टलंडने सॅम बोवीला घेतलं, आणि जॉर्डन तिसऱ्या नंबरावर शिकागोला गेला. बरा संघ असूनही गरजेचा हिशेब त्यांना इतका महागात पडला. तुमच्याकडे तर ड्रेक्सलरही नाही.

हीच चूक माणसं पुन्हा पुन्हा करतात, आणि दर वेळी नव्या कारणाने. 2018 ला लुका डॉन्चिच एकोणीस वर्षांचा होता. रिअल माद्रिदकडून युरोलीग जिंकून, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरून तो आला होता. फिनिक्सने पहिल्या नंबरावर डिअँड्रे एटनला घेतलं. त्यांनी नुकताच नेमलेला कोच इगोर कोकोशकोव्ह आदल्याच वर्षी डॉन्चिचच्या स्लोव्हेनियाला युरोपचं विजेतेपद मिळवून देणारा, तरीही! दुसरा नंबर सॅक्रमेंटोचा. त्यांचे मालक विवेक रणदिवे मुंबईचे, म्हणून आपल्या मराठी मंडळींना त्या संघाबद्दल थोडा घरचा ओढा. 2019 ला वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, तेही त्यांच्याच संघाचे, इंडियानाविरुद्ध. त्या सॅक्रमेंटोचा कारभार तेव्हा व्लादे दिवाचकडे होता, म्हणजे युरोपचा खेळ रक्तात असलेल्या माणसाकडे. त्यांनी मार्विन बॅगलीला घेतलं. संघात डिअॅरन फॉक्स होता, चेंडू त्याच्या हातात राहायचा, मग आणखी एक चेंडू हातात ठेवणारा कशाला, असा विचार बहुतेकांनी तेव्हा बोलून दाखवला. बॅगली साडेतीन वर्षांत तिथून गेला. डॉन्चिच डॅलसला पोहोचला, पाचवरून तिसऱ्या नंबरावर चढायला त्यांनी एक पुढची निवड जादा मोजली होती.

यावरून एक कामाची गोष्ट घे. नावांची क्रमवारी लॉटरीच्या आधी कागदावर उतरवून, सह्या करून ठेवायला लाव. नंबर कळला की माणसांची मतं त्या नंबराभोवती गोळा होतात. दुसरा नंबर आला की दुसऱ्या नंबराचा मुलगा अचानक सगळ्यांना आवडायला लागतो.

दुसरा कागद डॉक्टरांचा. तो व्हिडिओ बघायच्या आधी वाचायचा. एकदा पोराचा खेळ बघून जीव जडला की अहवालातल्या ओळी माणूस आपल्याला हव्या तशा वाचतो. बोवीचंच बघ. कॉलेजात डाव्या नडगीच्या दुखण्याने त्याचे दोन हंगाम बुडाले होते. पोर्टलंडच्या डॉक्टरांनी लहानशा हातोडीने नडगीवर ठोकून विचारलं, दुखतंय का. तो नाही म्हणाला. दुखत होतं, हे त्याने खूप वर्षांनी, 2012 च्या एका माहितीपटात सांगितलं. पोराला दोष देऊ नकोस, त्याच्या घरादाराचं भवितव्य त्या टेबलावर मांडलं होतं. पण हातोडीवर विसंबणाऱ्यांना दोष जरूर दे. याच पोर्टलंडने 2007 ला केविन ड्युरँटला सोडून ग्रेग ओडेनला पहिल्या नंबरावर घेतलं. पहिल्या हंगामाच्या आधीच ओडेनच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि पोर्टलंडसाठी तो एकूण 82 सामने खेळू शकला. एका पूर्ण हंगामाएवढे.

पण म्हणून दुखापत दिसली की नाव खोडायचं, असंही नाही. डॉक्टरांना 'घ्यावा की नाही' विचारू नकोस, 'किती दिवस थांबावं लागेल' ते विचार. एम्बीडच्या पायावर 2014 च्या ड्राफ्टच्या तोंडावर शस्त्रक्रिया झाली म्हणून तो तिसऱ्या नंबरापर्यंत खाली आला. दोन हंगाम बसून होता. 2023 ला तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ओक्लाहोमा सिटीने 2022 ला दुसऱ्या नंबरावर घेतलेला चेट होल्मग्रेन पायाच्या दुखापतीने पहिल्या अख्ख्या वर्षाला मुकला, आणि 2025 च्या विजेत्या संघात तो होता. डेव्हिड रॉबिन्सनला तर दुखापतही नव्हती. 1987 ला सॅन अँटोनियोने त्याला पहिल्या नंबरावर घेतलं तेव्हा नौदलातली नोकरी संपेपर्यंत दोन वर्षं वाट पाहायची हे माहीत होतं. तो आला त्या हंगामात संघ 21 विजयांवरून 56 वर गेला. हरणाऱ्या संघाकडे पैसा कमी असेल, नाव कमी असेल, पण वेळ बक्कळ असतो. जिंकणाऱ्या संघाला जे परवडत नाही ते तुम्हाला परवडतं. हा फायदा बहुतेक हरणारे संघ वापरतच नाहीत, कारण मालकाला तिकिटं विकायची घाई असते.

मुलगा घरात आला की खरं काम सुरू होतं. इथे मी डेट्रॉइटचंच सांगतो, कारण ते डोळ्यांदेखत घडलं. 2021 ला पहिल्या नंबरावर केड कनिंगहॅम आला. पोरगा शांत, उंच, चेंडू हातात घेतला की सगळं मैदान दिसणारा. पण त्याच्याभोवती सगळी त्याच्याच वयाची पोरं. 2023-24 चा हंगाम बरा सुरू झाला, तीनपैकी दोन सामने जिंकले, आणि मग ओळीने 28 हरले. एका हंगामात कुठलाही एनबीए संघ एवढा सलग हरला नव्हता. घरच्या मैदानावर लोक 'संघ विका' म्हणून ओरडत होते. केड आत घुसायचा तेव्हा समोर तीन-तीन माणसं उभी, कारण बाहेर पास दिला तरी तिथून बास्केट करणारा कुणी नाही हे प्रतिस्पर्ध्याला ठाऊक. 30 डिसेंबरला टोरंटोला दोन गुणांनी हरवलं तेव्हा ती मालिका तुटली. हंगाम संपला तो 14 विजय, 68 पराभवांवर.

पुढच्या उन्हाळ्यात नवा कारभारी आला, कोच बदलला, आणि मुख्य म्हणजे बाहेरून नेम साधणारी, पोक्त माणसं आणली: टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर. यातला कुणीही मोठा तारा नव्हता. केडला मात्र आत घुसायला वाट मोकळी झाली. 14 वरून 44 विजय! ड्राफ्टमधून नवा कुणी तारा आला म्हणून नव्हे. पहिल्या नंबराचा मुलगा आधीपासून तिथेच होता, त्याच्या आजूबाजूला मोठी माणसं नव्हती. म्हणून निवडीच्या पैशाबरोबर दोन-तीन तिशीतल्या खेळाडूंचे करार त्याच उन्हाळ्यात मागून घे. ते महाग नसतात. आणि कोच दर वर्षी बदलू देऊ नकोस. डेट्रॉइटने त्या चौदा विजयांच्या हंगामाच्या कोचला एका वर्षात घरी पाठवलं, ते योग्यच होतं, पण ती सवय लागू नये.

नवीन हापूसच्या कलमाला पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तरी खुडतात, तुझ्या आजोबांना खुडताना तू पाहिलंयस. तसंच इथे. पहिल्या वर्षी विजय मागू नका. ड्युरँटच्या पहिल्या वर्षी सिअॅटलने 20 सामने जिंकले, दुसऱ्या वर्षी ओक्लाहोमा सिटीला हललेल्या त्याच संघाने 23, तिसऱ्या वर्षी 50. दुसऱ्या वर्षाअखेर कुणी त्याला विकला असता तर? असे वेडे असतात, मी पाहिलेत.

उलट बाजूही आहे. मार्केल फुल्ट्झला फिलाडेल्फियाने 2017 ला पहिल्या नंबरावर घेतलं, त्यासाठी बोस्टनला तिसरा नंबर आणि पुढची एक निवड मोजली. कॉलेजात सहज बास्केट करणारा हा पोरगा फ्री थ्रो मारताना हात वर नेऊन मध्येच थबकायला लागला. महिनोन्महिने चर्चा चालली की डोक्यातलं आहे की खांद्यातलं. शेवटी डिसेंबर 2018 ला खांद्याजवळच्या नसा दबल्याचं निदान झालं. पहिल्या वर्षी तो 14 सामने खेळला होता. पोराची फेकण्याची लकब अचानक बदलली तर ती सगळ्यात आधी तुझ्या आकड्यांत दिसणार आहे, तेव्हा भिडस्तपणा सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्या सौद्यात बोस्टनला तिसऱ्या नंबरावर जेसन टेटम मिळाला. एक-दोन पायऱ्या खाली उतरून जादा निवड घेणं शहाणपणाचं असतं, पण उतरल्यावर कुणाला घ्यायचं ते नाव आधीच पक्कं असेल तरच.

निवड विकून आज जिंकायचा मोह मात्र टाळा. बोस्टनकडे ती पहिली निवड मुळात ब्रुकलिनमुळे आली होती. 2013 ला ब्रुकलिनने म्हातारपणाकडे झुकलेले केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स आणायला आपल्या कितीतरी पुढच्या निवडी देऊन टाकल्या. त्यातून बोस्टनला जेलन ब्राऊन मिळाला, त्यातूनच टेटम, आणि 2024 चं विजेतेपद. त्याहून जुनं उदाहरण क्लीव्हलँडचं. 1980 ला दिलेली निवड 1982 ला पहिल्या नंबराची ठरली, आणि तेव्हा नुकतेच विजेते झालेल्या लेकर्सनी तिच्यावर जेम्स वर्दीला घेतलं. पुढे क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांचे सौदे बघून लीगनेच नियम केला की लागोपाठच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी विकता येणार नाहीत. मालकांपासून संघाला वाचवणारा नियम! क्लीव्हलँडने 2014 ला पहिल्या नंबराचा अँड्र्यू विगिन्स देऊन केविन लव्ह आणला आणि 2016 ला जिंकले, हे उदाहरण कुणी देईलच. त्यांच्याकडे लेब्रॉन जेम्स परत आला होता. तुमच्याकडे येतोय का, एवढं विचार.

करारांची तारीखवही तू स्वतः ठेव. पहिल्या फेरीच्या मुलाची पहिली दोन वर्षं पक्की असतात, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. तिसऱ्या वर्षाचा निर्णय दुसरा हंगाम सुरू होतानाच, ऑक्टोबरअखेर द्यावा लागतो, म्हणजे हातात एकाच वर्षाचे आकडे असतात. त्या मीटिंगला जाताना गुणांची सरासरी पहिल्या पानावर छापू नकोस. हरणाऱ्या संघात कुणीही वीस गुण करतो. तो कुणाबरोबर किती मिनिटं खेळला, चौथ्या क्वार्टरला त्याच्याकडे चेंडू किती वेळा दिला, आणि हंगामाच्या दुसऱ्या अर्ध्यात त्याच्या चुका कमी झाल्या का, ते आधी मांड.