रात्र नसलेल्या गावातील पहिले तीन दिवस

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांत नोकरीला गेलेली मुले आता आपल्या जिल्ह्यातूनही बरीच निघतात. उन्हाळा आला की ती आईवडिलांना तिकडे बोलावतात. काही कुटुंबे नुसती सहल म्हणूनही जातात. जाण्यापूर्वी तपासणीला आलेल्या मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो, "डॉक्टर, थंडी कितपत बाधेल?" थंडीचे उत्तर सोपे आहे. जून-जुलैत तिकडे अगदी उत्तरेलासुद्धा आपल्या हिवाळ्यातील पहाटेइतकाच गारठा असतो. स्वेटर, कानटोपी आणि वारा-पाऊस अडवणारे जाकीट एवढ्यावर निभावते. बाधतो तो उजेड. त्याबद्दल मात्र कोणी विचारीत नाही.

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस आम्ही चौघे उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सो या गावी दहा दिवस राहिलो. मी, सौ., नऊ वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची आई. आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे व ती सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन घेते. गावातच दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतले होते. त्या पहिल्या तीन दिवसांत जे पाहिले, त्यावरून आज लिहितो आहे.

ट्रोम्सो उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, सुमारे ६९.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मेच्या २० तारखेच्या आसपासपासून जुलैच्या २२ तारखेच्या आसपासपर्यंत सूर्य मावळतच नाही. तो आकाशात गोल फिरतो. दुपारी दक्षिणेला चांगला वर असतो, मग पश्चिमेकडे कलत कलत मध्यरात्रीनंतर पाऊण वाजण्याच्या सुमारास चक्क उत्तरेला, क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश वर येतो आणि तेथून पुन्हा चढू लागतो. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून एरवी फारसे ऊन येत नाही. तेथे मध्यरात्री येते, आणि सूर्य खाली असल्यामुळे किरणे आडवी थेट पलंगावर पडतात.

आता शरीराकडे वळू. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. झोप, जाग, शरीराचे तापमान, भूक, रक्तदाब, कित्येक ग्रंथींचे स्राव यांची वेळ ते राखते. हे घड्याळ सूर्य नसला तरी चालते. नॅथॅनियल क्लाइटमन हे शास्त्रज्ञ १९३८ साली आपल्या एका सहकाऱ्यासह अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे त्यांनी २८ तासांचा दिवस पाळून पाहिला. तरुण सहकाऱ्याचे शरीर त्या दिवसाशी जुळले, पण चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांचे शरीर २४ तासांचा हेका सोडीना. हे घड्याळ पेशींच्या आत नेमके कसे चालते याचा शोध लावणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र माणसाचे हे घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित मंद असते आणि ते रोज जुळवून घ्यावे लागते. जुळवण्याची किल्ली म्हणजे डोळ्यांत शिरणारा उजेड. आणि येथेच गंमत आहे. तोच उजेड कोणत्या वेळी मिळतो त्यावर घड्याळ पुढे सरकणार की मागे, हे ठरते. शरीराचे तापमान पहाटे, उठण्याच्या दोनेक तास आधी सर्वांत कमी होते. त्या क्षणाच्या आधी डोळ्यांना भरपूर उजेड मिळाला तर घड्याळ मागे पडते, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप आणि जाग दोन्ही उशिरा येतात. त्या क्षणानंतर मिळाला तर घड्याळ पुढे जाते.

हा हिशेब ट्रोम्सोला लावून पाहा. उन्हाळ्यात नॉर्वेचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. रोज पहाटे पाचला उठणारा माणूस तेथे पोचला की त्याचे शरीर त्याला रात्री दीड वाजता उठवते. इतर कुठल्या शहरात असे झाले तर बाहेर काळोख असतो, माणूस कूस बदलतो, थोडा तळमळतो आणि पुन्हा झोपतो. रोज तास-दीड तास करीत तीन-चार दिवसांत गाडी रुळावर येते. ट्रोम्सोत मात्र दीड वाजता ऊन पडलेले असते. शरीर म्हणते सकाळ झाली आणि खिडकी म्हणते हो झाली. माणूस पडदा सारतो, गॅलरीत जाऊन उभा राहतो, फोटो काढतो. नेमक्या त्या वेळी डोळ्यांत शिरलेला उजेड घड्याळाला मागे जाऊ देत नाही, भारतीय वेळेला खिळवून ठेवतो. मग आठवडा झाला तरी दुपारी जेवल्याबरोबर डोळे मिटतात आणि रात्री दोनला माणूस टक्क जागा. "तिकडची हवा मानवली नाही" असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांना हवेने काही केलेले नसते.

धडधाकट माणसाची यात फार तर सहल वाया जाते. औषधावर असलेल्या माणसाचे तसे नाही. मुंबईत विमानात बसताना आम्ही तिघांनी घड्याळे मागे केली. आईने केले नाही. "घरी आता किती वाजले ते मला कळलं पाहिजे," हे तिचे म्हणणे. मुक्कामाच्या दुसऱ्या रात्री पावणेदोन वाजता न्हाणीघरातल्या पाण्याच्या आवाजाने मला जाग आली. बाहेर येऊन पाहतो तो आई आंघोळ करून, लुगडे नेसून स्वयंपाकघरात बसलेली. हातात इन्सुलिनचे पेन, सुई लावलेली. मी विचारले तर म्हणाली, "अरे, सव्वापाच झाले की. ऊन बघ कुठवर आलंय. तुम्ही झोपा, मी इंजेक्शन घेते नि चहा टाकते." तिच्या मनगटावर खरोखरच सव्वापाच वाजले होते. संध्याकाळचा डोस तिने सात वाजता घेतला होता, तो अजून शरीरात काम करीत होता. बोट टोचून साखर पाहिली, १०४ निघाली. त्यावर सकाळचा पूर्ण डोस पडला असता, सोबतीला नुसता चहा झाला असता आणि घरातले सगळे सातपर्यंत झोपलेले राहिले असते, तर काय झाले असते हे मधुमेहींच्या घरच्यांना सांगायला नको.

आई विसरभोळी नाही. तिचे हिशेब आजही माझ्यापेक्षा चोख असतात. पण मनगट, खिडकी आणि शरीर हे तिघे साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले तर कोणीही फसेल. दुसरी अडचण काट्याच्या घड्याळाची. साडेसहा वाजलेले दिसतात, बाहेर ऊन असते. सकाळचे साडेसहा की संध्याकाळचे? थकव्याने दिवसा झोपून उठलेल्या वृद्ध माणसाला हे खरोखर उमगत नाही. म्हणून उशाशी २४ तासांचे आकडे दाखवणारे घड्याळ ठेवावे. मोबाइलमध्येही तशी सोय असते. आम्ही दुसऱ्याच दिवशी फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला. त्यावर तारीख, सकाळचा डोस, संध्याकाळचा डोस असे रकाने, आणि घेतल्यावर घरातील दुसऱ्या माणसाने खूण करायची. पेन त्या कागदाजवळच. खूण असेल तर पेनला हात लावायचा नाही. रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या, फिटच्या गोळ्यांनाही हाच कागद चालतो.

साडेतीन तासांच्या फरकासाठी इन्सुलिनचा डोस बदलावा का, असे विचाराल. मी आईचा काय ठेवला होता तो आकडा येथे देत नाही. तो दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. आपण पश्चिमेकडे जातो तेव्हा प्रवासाचा दिवस लांबतो आणि दोन डोसांमधील अंतर वाढते. त्या दिवशी साखर अधिक वेळा तपासायची आणि डोस कसा घ्यायचा हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्यायचे. इन्सुलिन नेहमी हातातल्या पिशवीत ठेवावे. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी समजावे.

आणखी दोन गोष्टी मधुमेहींनी जरूर लक्षात घ्याव्यात. नॉर्वेत रक्तातील साखर आपल्यासारखी मिलिग्रॅममध्ये सांगत नाहीत, मिलिमोलमध्ये सांगतात. तेथील डॉक्टर "साखर पाच आहे" म्हणाले तर घाबरू नये; त्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो, म्हणजे ९०. उलट "तीन" म्हणाले तर ती ५४ असते आणि लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यावे लागते, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे लागते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिटचे असते व त्याची सिरिंज लाल टोपणाची. युरोपात १०० युनिटचे मिळते. येथील लाल टोपणाच्या सिरिंजने तेथील इन्सुलिन भरले तर अडीचपट डोस जातो. म्हणून दहा दिवसांना लागेल त्याच्या दुप्पट इन्सुलिन आणि सिरिंजा घरूनच न्याव्यात, सोबत इंग्रजीत लिहिलेले डॉक्टरांचे पत्र.

आता रात्र कशी करायची ते सांगतो, कारण तेथे ती हाताने करावी लागते. भाड्याच्या घरात जाड पडदे असतातच असे नाही, आणि असले तरी कडांमधून उजेड शिरतो. आम्ही पोळ्या गुंडाळायचा अॅल्युमिनियमचा कागद काचांना चिकटपट्टीने लावला, वर शाल टांगली. खोली इतकी काळोखी हवी की पसरलेला हात दिसू नये. पहिल्या तीन दिवसांत संध्याकाळी जेवून सर्वांनी बाहेर फिरायला जावे आणि साडेदहापर्यंत खुशाल उजेडात राहावे. तो उजेड घड्याळ मागे नेतो, आपल्या कामाचा असतो. त्यानंतर घरी येऊन पडदे ओढायचे ते सकाळी सहा-सातपर्यंत उघडायचे नाहीत. मध्येच जाग आली तरी काळोखातच पडून राहायचे. मध्यरात्रीचा सूर्य पाहायचाच असेल, आणि तेवढ्यासाठी इतक्या दूर गेल्यावर कोण सोडील, तर तो चौथ्या-पाचव्या रात्रीसाठी राखून ठेवावा. तेथे केबल कारने चारशे मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर जाता येते. आम्ही पाचव्या रात्री गेलो. आईसुद्धा आली.

लहान मुलांना झोपवणे सर्वांत कठीण. त्यांच्या डोळ्यांतील भिंग स्वच्छ आणि बाहुली मोठी असते, त्यामुळे उजेड जास्त आत जातो आणि झोप आणणारा मेलाटोनिन हा स्राव अधिक दबतो. त्यात रात्री अकरा वाजता समोरच्या अंगणात शेजारची मुले सायकली फिरवताना दिसतात. "बाबा, ती बघा अजून खेळतायत," यावर बापाकडे उत्तर नसते. तेथील मुलांना दोन महिन्यांचा काळोख सोसून हा उजेड मिळालेला असतो, त्यांचा हिशेब वेगळा. आम्ही साडेआठला कोमट पाण्याने आंघोळ, खोलीत काळोख आणि गोष्ट एवढा क्रम ठेवला. तिसऱ्या रात्री मुलगी गोष्ट अर्धी असतानाच झोपली.

वृद्धांना मात्र "नव्या जागी झोप लागत नाही" म्हणून झोपेची गोळी देऊ नये. अनोळखी घर, रात्री लघवीला उठणे, उंबरठे, गुळगुळीत लाकडी जमीन आणि डोक्यात गोळीची गुंगी, यातून मांडीचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

सूर्याने साथ सोडली की दिवस जेवणाच्या वेळांनी बांधावा लागतो. आईने सातला दिवा लावायचे ठरवले, तिन्हीसांजा होवोत न होवोत, आणि त्यामागोमाग इन्सुलिन व जेवण. पुढे कळले की तेथील मुसलमान मंडळीही उन्हाळ्यातल्या रोज्यासाठी मक्केच्या वेळा धरतात. सूर्य मावळण्याची वाट पाहायची तर उपास सुटायचाच नाही. ट्रोम्सोच्याच विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली असे दाखवले की त्या भागातील रेनडियर उन्हाळ्यात दिवस-रात्रीची लय सोडूनच देतात. भूक लागली की चरतात, पेंग आली की बसतात. माणसाच्या शरीराला ती सोय नाही.

मदतीची वेळ आलीच तर नॉर्वेत रुग्णवाहिकेचा क्रमांक ११३ आहे. तातडीचे पण जिवावरचे नसलेले दुखणे असेल तर ११६११७ वर फोन करावा. तेथील उपचार आपल्याला फुकट नसतात. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण तो काढताना आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हे वाचून घ्यावे.

परतताना घड्याळ साडेतीन तास पुढे न्यावे लागते आणि ते मागे नेण्यापेक्षा जड जाते. आल्यावर पाच-सहा दिवस सकाळी उठून अर्धा तास उन्हात फिरावे. घरी रात्री काळोख आयताच असतो. फ्रिजच्या दारावरचा कागद मात्र आणखी आठवडाभर राहू द्यावा.