तुळशीनं पानं टाकली म्हणून

अगं, तुळस झडायला लागली म्हणून तू जेवण सोडून बसतेस? लग्नानंतरची तुझी मारेगावातली ही पहिलीच दिवाळी, पहिलंच तुळशीचं लग्न. उसाचा मांडव, बोरं, आवळे, चिंचा, सगळं तू हौसेनं केलंस. आणि महिना उलटायच्या आत वृंदावनात नुसत्या काड्या दिसायला लागल्या. शेजारच्या काकू काय बोलल्या असतील ते तू सांगितलं नाहीस तरी मला कळतं. ‘घराला काहीतरी लागलं’, ‘अडचणीत असताना हात लावला असेल.’ हे ऐकून घेऊ नकोस. पाळीच्या दिवसांत शिवलं म्हणून जगातलं कुठलंच झाड वाळत नाही. दरवर्षी कार्तिक सरला की तुळस झडते, आणि दरवर्षी त्याचा बोल घरातल्या सुनेवर येतो. मला याची मनापासून चीड आहे. म्हणूनच तुला सगळं नीट उलगडून सांगते, म्हणजे कुणी विचारलं तर तुला उत्तर देता येईल.

तुळस उष्ण मुलखातलं झाड. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, आणि ती थंडी तिला सोसत नाही. दिवस लहान, ऊन कोवळं, त्यामुळे मुळं पाणी कमी ओढतात. त्यात याच सुमाराला मंजिऱ्या भरून येतात. वावरात पऱ्हाटीचं बघतेस ना? बोंडं फुटायला लागली की ती खालची पानं टाकते. तुळशीचंही तसंच. सगळा जीव बियांत जातो, पानांना काही उरत नाही. तशीही तिला वडा-पिंपळाचं आयुष्य नसतं. एक रोप साधारण दोन-तीन वर्षं जोमात राहतं.

आता तुझं झाड जिवंत आहे का, ते बघ. बुंध्याजवळच्या फांदीवर नखानं हळूच ओरखडा काढ. सालीखाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे, नुसतं थकलंय. तपकिरी, कोरडं लागलं तर थोडं खाली येऊन पुन्हा बघ. पार मातीपर्यंत तसंच असेल तर ते गेलं, मग त्याच्यामागे झुरू नकोस.

हिरवं निघालं तर पहिलं काम पाण्याचं. रोज सकाळी अंघोळ करून तांब्याभर पाणी घालायचं हा आपला नेम. वैशाखात तो तिला तारतो, पौषात तोच तिला मारतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. वरून भेगा दिसल्या तरी आत चिखल असतो, आणि त्यात मुळं सडतात. मातीत बोट दोन पेरं खोल घाल. ओल लागली तर त्या दिवशी पळीभर पाणी नुसतं वाहायचं, पूजा झाली. सासूबाईंनाही असंच सांग, ‘नेम मोडत नाही आई, माप कमी करतेय.’ त्या समजून घेतील. सिमेंटच्या वृंदावनाला खाली भोक आहे का, तेही बघ. पुष्कळ ठिकाणी नसतंच, आणि मग घातलेलं पाणी जायचं कुठे?

दूध, साखर, हळद-कुंकू, वातीचं तेल, लग्नात यातलं जे जे मुळाशी पडलं असेल तो वरचा थर खुरप्यानं अलगद काढून टाक. दुधा-साखरेनं मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या की पांढरी कीड फार लांब नसते. दिवा कोनाड्यात ठेव, खोडाला टेकवून नको. त्याच्या आचेनं खालची पानं करपतात. लग्नात नेसवलेली चुनरी अजून तशीच गुंडाळलेली असेल तर तीही सोड. वारं आणि ऊन खोडापर्यंत पोचू दे.

मग मंजिऱ्या. वाळलेल्या सगळ्या खुडून कागदात ठेव, बी कामी येईल. हिरव्याही चिमटीनं काढून टाक, जीव हळहळला तरी. फांद्यांची मोठी छाटणी मात्र आत्ता नको. थंडी ओसरली, महाशिवरात्र झाली, की वरचा तिसरा हिस्सा काप. प्रत्येक कापाखाली दोन-दोन फुटवे येतील.

पानांची मागची बाजू उलटून बघ. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. घरात कापूस आहेच, साबणाच्या पाण्यात बुडवून पुसून काढ. नंतर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवार.

इथे एक कळकळीनं सांगते. भाऊजींच्या फवारणीच्या औषधातलं उरलेलं थोडं तुळशीवर मारू, असा विचारही करू देऊ नकोस. 2017 साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. आपल्या तुळशीची पानं चहात पडतात, लेकरं खेळता खेळता तोडून खातात. तणनाशक मारलेला पंपही तिच्याजवळ आणू नये, टाकीत राहिलेल्या अंशानंसुद्धा पानं आकसतात. आणि कोठीतल्या पोत्यातला युरिया चिमूटभरही घालू नकोस. थकलेल्या मुळांना तो जाळतो. खत द्यायचं ते फाल्गुनात, नवी पालवी दिसल्यावर, मूठभर कुजलेलं शेणखत.

कुंडीत असेल तर रात्री भिंतीच्या आडोशाला घे. वृंदावनात असेल तर चार काठ्या रोवून वरून जुनं लुगडं टाक, आणि सकाळी ऊन आलं की आठवणीनं काढ.

आणखी एक. एकाच रोपावर सगळी भिस्त ठेवायची नाही. ठेवलेलं बी फेब्रुवारीच्या शेवटी काळी माती, वाळू आणि शेणखत सारखं घेऊन त्यावर पसर. पुरायचं नाही, बी बारीक असतं, तळहातानं नुसतं दाबायचं आणि पाणी शिंपडून माती ओली ठेवायची. ऊब मिळाली की आठ-पंधरा दिवसांत उगवतं. पावसाळ्यापर्यंत पाच-सात रोपं हाताशी येतील. एक वृंदावनात लाव, एक सांदवाडीत. पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून रोपंच वाट, आणि पहिलं त्या शेजारच्या काकूंना दे.

उद्या सकाळी नखानं बघून मला फोन कर. आणि आज पोटभर जेव.