आधी त्या पडद्याशी बोल, मग संगणकाशी

अगं, तू पाठवलेला फोटो पाहिला आणि मला फार आनंद झाला. व्हीटी220! आणि तेही मेनार्ड गावाच्या आसपासच्या कुणाच्या तळघरातून. हे टर्मिनल बनवणारी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, सगळे जिला नुसतं 'डेक' म्हणायचे, ती 1957 साली मेनार्डमधल्या जुन्या लोकरीच्या गिरणीत सुरू झाली होती. व्हीटी220 बाजारात आलं 1983 साली. म्हणजे ते अजून स्वतःच्या माहेराच्या पंचक्रोशीतच आहे म्हण ना. आपल्याकडे भारतात रेल्वेचं आरक्षण संगणकावर आलं, तेव्हा त्यामागेही डेकचीच व्हॅक्स यंत्रं होती.

पण फोटोखाली तू जे विचारलंस त्याने जीव धसकला. आतलं सगळं काढून टाकून त्या खोक्यात सपाट पडदा आणि रास्पबेरी पाय बसवू का? नको गं, तेवढं करू नकोस. खोकी खूप मिळतील, चालू पिक्चर ट्यूब नव्याने कुणी बनवत नाही. शिवाय त्याची गरजच नाही. हे यंत्र संगणक कधीच नव्हतं. कळ दाबली की ते अक्षर तारेवरून पाठवायचं आणि पलीकडून आलेलं अक्षर पडद्यावर उमटवायचं, एवढंच त्याचं काम. आजच्या लिनक्सला त्याच्याशी बोलता येतं. त्या दोघांची ओळख तेवढी नीट करून द्यायची आहे.

आणि ही ओळख टप्प्याटप्प्याने करून दे. टर्मिनल, तार, अडॅप्टर, लिनक्स असं सगळं एकदम जोडलंस आणि पडदा कोराच राहिला, तर दोष कुठे आहे ते कळणार नाही. कंटाळून तू ते विकून टाकशील, मी तुला ओळखते.

सुरुवातीला ते एकटंच चालू कर. मागचं झाकण मात्र उघडू नकोस. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच काळ टिकू शकतो. पहिल्यांदा चालू करशील तेव्हा समोर थांब. इतक्या जुन्या वस्तूतले कपॅसिटर कधी कधी धूर सोडतात. जळका वास आला तर लगेच भिंतीवरचा प्लग काढ आणि जाणकाराकडे ने. सगळं ठीक असेल, तर थोड्या वेळात पडद्यावर 'व्हीटी220 ओके' उमटेल. तसं उमटलं की निम्मी काळजी मिटली.

मग एफ3 दाब, सेट-अप उघडेल. त्यातल्या कम्युनिकेशन्सच्या पानावर वेग 9600 कर, आठ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट एक. पोर्ट ईआयए निवड आणि त्याच ठिकाणी 'डेटा लीड्स ओन्ली' घे. याकडे खास लक्ष दे, कारण मोडेम कंट्रोल निवडलेलं राहिलं तर टर्मिनल पलीकडच्या मोडेमच्या इशाऱ्याची वाट पाहत बसेल आणि तुझ्या साध्या तीन तारांच्या केबलवर तो इशारा कधीच येणार नाही. लोकल इको बंद ठेव आणि सगळं सेव्ह कर. आता मागच्या 25 पिनांच्या कनेक्टरवर 2 आणि 3 नंबरच्या पिना एका तारेच्या तुकड्याने जोड आणि काहीतरी टाइप कर. अक्षरं पडद्यावर उमटली तर टर्मिनल बोलतंही आहे आणि ऐकतंही आहे. तुकडा काढल्यावर उमटायची थांबली की खात्री पटली.

आता तार. इथेच बहुतेक लोक अडकतात, म्हणून सावकाश वाच. तुझ्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नाही, तेव्हा यूएसबीचा अडॅप्टर लागेल. तो आरएस-232 चाच हवा. रास्पबेरी पायच्या पिनांवर किंवा सुट्या टीटीएल अडॅप्टरवर 3.3 किंवा 5 व्होल्ट असतात. टर्मिनल मात्र शून्याच्या दोन्ही बाजूंना झुलतं, एका बिटाला अधिक आणि दुसऱ्याला उणे, आणि हा दाब 15 व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. थेट जोडलंस तर पायची पिन जळेल. मध्ये मॅक्स3232 सारखी चिप असेल तरच तो मार्ग घे.

दुसरी अडचण अशी की टर्मिनल आणि संगणक दोघंही स्वतःला एकाच बाजूचे समजतात. दोघं आपापल्या पाठवायच्या तारेवर बोलणार, मग ऐकणार कोण? म्हणून तारा उलटवाव्या लागतात, अशा केबलला नल-मोडेम म्हणतात. स्वतः बनवणार असशील तर अडॅप्टरकडच्या 9 पिनांच्या कनेक्टरवरची 2 ही टर्मिनलकडच्या 25 च्या 2 ला जोड, 3 ही 3 ला, आणि 5 ही 7 ला. आकडे सरळ दिसतात, पण 9 पिनांवर 2 म्हणजे ऐकायची तार आणि 25 पिनांवर 2 म्हणजे बोलायची, त्यामुळे उलटापालट आपोआप होते. बाजारातून आणलीस तर पाकिटावर नल-मोडेम लिहिलंय का ते बघून घे.

अडॅप्टर लावलास की लिनक्स त्याला टीटीवाय-यूएसबी-0 असं नाव देईल. त्या नावाची सीरियल-गेटी सेवा सुरू कर, वेग 9600 दे, आणि टर्म व्हीटी220 ठेव. सवयीने एक्सटर्म लिहू नकोस, नाहीतर टर्मिनलला न कळणाऱ्या रंगांच्या आज्ञा जातील. लॉगिनची ओळ दिसली की त्या रात्री मला नुसता मेसेज टाक, कितीही वाजलेले असोत.

मग मोठी फाइल उघडून बघशील आणि मध्येच उलटी प्रश्नचिन्हं दिसतील, अक्षरं गळतील. घाबरू नकोस. 9600 वेगाने सेकंदाला 960 अक्षरं येतात, 80 गुणिले 24 चा पूर्ण पडदा भरायला दोन सेकंद. ओळी हळूहळू वर सरकवताना टर्मिनलला तेवढंही झेपत नाही, मग ते 'थांब' म्हणून एक्सऑफ पाठवतं आणि सावरलं की एक्सऑन. हार्डवेअरच्या तारेवरून थांबवायची सोय व्हीटी220 मध्ये नाहीच. म्हणून दोन्हीकडे एक्सऑन-एक्सऑफ चालू हवं. काही स्वस्त अडॅप्टर हा निरोप ऐकेपर्यंत बरंच काही पुढे ढकलून मोकळे होतात. तसं झालं तर सेट-अपमध्ये स्मूथच्या जागी जंप स्क्रोल घे, आणि तरीही भागलं नाही तर वेग 4800 कर. वाचायला तोही पुरतो.

एक गोष्ट तुला आवडणार नाही. या पडद्यावर मराठी दिसणार नाही. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटांचं असतं आणि टर्मिनल प्रत्येक बाइट वेगळा वाचतं. 'छ' चा शेवटचा बाइट आहे 9बी. व्हीटी220 च्या लेखी तो बाइट म्हणजे आज्ञेची सुरुवात, तेव्हा 'छान' लिहिलंस की ते पुढचे बाइट आज्ञा म्हणून वाचू लागतं आणि सगळं विस्कटतं. त्या लॉगिनपुरता लोकेल सी ठेव म्हणजे प्रोग्राम तरी चौकटी काढताना गोंधळ घालणार नाहीत. मराठी लिहायला लॅपटॉप आहेच. इथे कोड लिही, मेल वाच, नोंदी ठेव. एका वेळी एकच पडदा आणि त्यात फक्त अक्षरं, हे मला तुझ्यासाठी मनापासून हवं आहे, कारण तुझं लक्ष किती ठिकाणी विखुरलेलं असतं ते मी फोनवरही ऐकते.

आणि हो, व्हीआय एडिटरमध्ये अडकलीस तर त्या कीबोर्डवर एस्केपची कळ शोधत बसू नकोस, ती नाहीच. कंट्रोल धरून डावा चौकटी कंस दाब, तेच काम होतं. एफ11 वर ईएससी लिहिलेलं दिसेल, पण व्हीटी220 मोडमध्ये ती कळ एस्केप पाठवत नाही, व्हीटी100 मोडमध्ये पाठवते. रविवारी केबल हातात घेऊन बस, मी फोन करते.