मनाची भाषा आणि मनाचे उपचार

दुःख सर्वांनाच होते. परंतु ते व्यक्त करण्याची भाषा प्रत्येक समाजाची वेगळी असते. आपण मराठीत ‘जीव घाबरा झाला’, ‘काळजाचे पाणी झाले’ असे म्हणतो. हे शब्द ज्याला परके आहेत, तो वैद्य केवळ हृदय तपासून थांबेल. मनातील भीती मात्र तशीच राहील.

अमेरिकेतील लॅटिनो समाजाला असा अनुभव दीर्घकाळ येत आला आहे. मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा इत्यादी प्रदेशांशी नाते सांगणाऱ्या या लोकांची संख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ६ कोटी २१ लाख होती. कॅरिबियन भागातून आलेले लोक मनाच्या एका तीव्र अवस्थेला ‘आताके दे नेर्विओस’, म्हणजे ‘नसांचा झटका’, म्हणतात. आप्ताचा मृत्यू किंवा घरातील कलह यांसारख्या आघातानंतर माणूस ओरडतो, रडतो, थरथरतो. छातीतील उष्णता डोक्यापर्यंत चढल्यासारखे त्याला वाटते. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्करातील डॉक्टरांनी पोर्तो रिकोच्या सैनिकांमध्ये ही लक्षणे पाहिली आणि त्यांना ‘पोर्तो रिकन सिंड्रोम’ असे नाव दिले. दुःखाची एक रीत अशा प्रकारे एका संपूर्ण समाजाचा दोष ठरली.

पुढे ही दृष्टी बदलली. अमेरिकेतील मनोविकारांच्या प्रमुख निदान-पुस्तिकेने १९९४ च्या आवृत्तीत या अवस्थेची नोंद घेतली. २०१३ च्या आवृत्तीत तर रुग्णाची संस्कृती जाणून घेण्यासाठी १६ प्रश्नांची मुलाखतच दिली आहे. तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, त्याचे कारण तुम्हाला काय वाटते, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. येथे रुग्ण बोलतो आणि डॉक्टर ऐकतो.

मानसशास्त्रज्ञ गिलेर्मो बेर्नाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उपचार समाजानुरूप करण्यासाठी आठ बाबी मांडल्या. त्यांत भाषा, उपचारक व रुग्ण यांचे नाते, रूपके, उद्दिष्टे आणि सामाजिक परिस्थिती यांचा समावेश आहे. केवळ शब्दांचे भाषांतर पुरेसे नाही, हे यातून स्पष्ट होते. दुभाषा नसल्यास कधी कधी लहान मुलालाच आईचे दुःख डॉक्टरांना सांगावे लागते. अशा वेळी आई मन मोकळे करू शकत नाही आणि मुलाच्या कोवळ्या मनावरही भार पडतो.

तथापि, एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘लॅटिनो म्हणजे कुटुंबवत्सल’ असे गृहीत धरणे हेही न ऐकण्यासारखेच होय. एखाद्याला कुटुंबाचा आधार वाटतो, तर एखाद्याच्या दुःखाचे मूळच कुटुंबात असते. म्हणून संस्कृतीचे ज्ञान हे विचारण्यासाठी असते, ठरवून टाकण्यासाठी नव्हे.

विचार करा व लिहा
१. ‘पोर्तो रिकन सिंड्रोम’ हे नाव अन्यायकारक का ठरते?
२. लहान मुलाने दुभाषाचे काम करण्यात कोणते धोके आहेत?
३. तुमच्या बोलीत मनाचे दुःख शरीराच्या भाषेत सांगणारे तीन वाक्प्रचार शोधा व त्यांचे अर्थ लिहा.