एकमेव प्रतीचा प्रश्न : ध्वनिमुद्रित पाठ, सीडी आणि जतन

लोकसाहित्याच्या अभ्यासकाला आपली साधनसामग्री बहुधा एकदाच मिळते. जळगाव किंवा धुळे परिसरातील एखाद्या गावी अहिराणीतील जात्यावरची गाणी ध्वनिमुद्रित करून आणली आणि पुढे गाणारी आजी राहिली नाही, तर त्या पाठाला ध्वनिमुद्रणाखेरीज दुसरा साक्षीदार उरत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशी मुद्रणे कॅसेटवरून संगणकात घेऊन सीडीवर उतरवून ठेवण्याचा प्रघात पडला. सीडी 'बर्न' झाली म्हणजे जतनाचे काम पुरे झाले, अशी समजूत त्यामागे होती. पाठचिकित्सेच्या कसोटीवर ही समजूत टिकत नाही.

कारखान्यात छापलेली सीडी आणि घरी वा विभागात बर्न केलेली सीडी दिसायला सारख्याच, पण त्यांची घडण वेगळी असते. पहिलीत मजकुराच्या खाचा प्लास्टिकमध्येच दाबलेल्या असतात. दुसरीत सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेझरच्या उष्णतेने त्यावर डाग पाडले जातात. अर्थात ऊन, उष्मा आणि दमटपणा यांनी तो थर पालटू शकतो. उन्हाळ्यात ज्या प्रदेशात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथे पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या सीडीचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. पुष्कळ जण सीडीच्या खालच्या चकचकीत बाजूला जपतात. प्रत्यक्षात तिकडे सुमारे १.२ मिलिमीटर प्लास्टिकचे संरक्षण असते; मजकूर वरच्या, नाव लिहिण्याच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. टोकदार बॉलपेनने लिहिलेले शीर्षकही त्याला इजा करू शकते.

याहून गंभीर बाब वाचनाच्या पद्धतीत आहे. कसर लागलेल्या पोथीतील छिद्र डोळ्यांना दिसते. अभ्यासक तेथे 'अक्षरे गेली' अशी नोंद करतो. सीडीचे यंत्र मात्र काही मर्यादेपर्यंत चुका गुपचूप दुरुस्त करते आणि ऱ्हास झाकला जातो. ऑडिओ सीडीत तर दुरुस्ती अशक्य झाली, तरी यंत्र आजूबाजूच्या ध्वनीवरून अंदाज बांधून सूक्ष्म खंड भरून काढते. गळालेले अक्षर स्वमतीने घालणाऱ्या लेखकूची ही यांत्रिक आवृत्तीच होय, आणि तिला हस्ताक्षर नसल्याने प्रक्षेप ओळखण्याची सोयही नाही! तीच मुद्रणे डेटा सीडीवर फाइलच्या रूपात असतील, तर तेथे दुरुस्तीचा आणखी एक थर असतो, आणि तोही अपुरा पडल्यास वाचन सामान्यतः थांबते. अभ्यासकाच्या दृष्टीने हे थांबणे अधिक प्रामाणिक आहे.

एकमेव प्रत नाहीशी झाल्याने काय गमावते, याचे ठळक उदाहरण मराठीत आहेच. वि. का. राजवाडे यांना बीडजवळील पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून त्यांची ज्ञानेश्वरी १९०९ मध्ये प्रसिद्ध झाली. छापील पाठ राहिला, पण मूळ पोथी आज उपलब्ध नाही. त्यामुळे तिचे लेखन किती जुने, संपादकाचा हात कोठे लागला, हे प्रश्न पोथी समोर ठेवून सोडवता येत नाहीत. ज्या राजवाड्यांच्या नावाने धुळ्यात १९२७ मध्ये संशोधन मंडळ उभे राहिले, त्यांच्याच संशोधनातील ही उणीव बोलकी आहे. त्याच धुळ्यात शंकरराव देव यांनी समर्थ संप्रदायाच्या मठामठांतून बाडे जमवली. ती जमवता आली, कारण नकला अनेक ठिकाणी झाल्या होत्या. एका मठातील प्रत भिजली, तरी पाठ बुडाला नाही.

मराठी मजकुराची अडचण आणखी निराळी. युनिकोड रूढ होण्यापूर्वी टंकलिखित झालेले प्रबंध व गीतसंग्रह त्या त्या फॉन्टच्या खासगी संकेतांत बांधलेले आहेत. सीडी धडधाकट असूनही फॉन्ट नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक खच दिसतो. म्हणून मूळ फाइल तशीच ठेवून तिच्यासोबत युनिकोडमधील रूपांतर आणि एक छापील प्रत ठेवावी. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. तेथे बोलीरूपे जाणणाऱ्या वाचकाने शुद्धवाचन केले नाही, तर अहिराणीचे रूप प्रमाणभाषेकडे झुकायला वेळ लागत नाही.

जुन्या सीडी असतील, तर सीडी ड्राइव्ह मिळतो आहे तोवरच त्यांचा मजकूर उतरवून घेतलेला बरा; नव्या संगणकांतून तो बहुतेक नाहीसा झाला आहे. एका ड्राइव्हवर न वाचलेली सीडी दुसऱ्यावर, कमी वेगाने, वाचली जाऊ शकते. ध्वनी असंपीडित 'वेव्ह' स्वरूपात ठेवावा. २४ बिट व ९६ किलोहर्ट्झ इतक्या उच्च प्रतीचे, दोन वाहिन्यांचे मुद्रणही तासाला सुमारे दोन गिगाबाइट जागा घेते. एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर असे सुमारे ४८० तास मावतात. प्रती तीन असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. जळगावच्या विभागाने धुळ्यात आणि धुळ्याच्या संस्थेने जळगावात प्रत ठेवणे मुळीच अवघड नाही.

पेन ड्राइव्ह ने-आण करण्यापुरताच समजावा. ऑनलाइन साठवणीतही एक फसवी सोय असते : संगणकातून चुकून पुसलेली फाइल समक्रमणामुळे तेथूनही पुसली जाते, शिवाय वर्गणी थांबल्यावर खात्याचे काय, हा प्रश्न उरतोच. असेंद्रिय थराची एम-डिस्क अधिक टिकाऊ मानली जाते, मात्र ती लिहिण्यास योग्य तो ड्राइव्ह लागतो. तीही तिसरी प्रत म्हणूनच ठेवावी.

प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या आशयावरून गणिताने काढलेली खूण, वेगळ्या यादीत नोंदवून दरवर्षी ताडून पाहावा. फाइलमधील एक बिट बदलला, तरी ही खूण बदलते. कोणती प्रत बिघडली हे त्यावरून कळते आणि उरलेल्या दोहोंपैकी चांगल्या प्रतीवरून नवी नक्कल करता येते. हार्ड डिस्क चालू असली, तरी सुमारे पाच वर्षांनी बदलावी. जुनी डिस्क लगेच टाकून न देता नव्या प्रतीची पडताळणी होईपर्यंत राखून ठेवावी. गायिकेचे नाव, गाव, मुद्रणाची तारीख आणि तिची संमती यांची नोंद फाइलच्या शेजारीच हवी. सीडीच्या डबीवर लिहिलेला तपशील बहुधा डबीबरोबरच जातो.