तुरीचा मर आणि जमिनींतील बुरशा

तूर फुलोऱ्यावर येऊन शेंगा धरूं लागली कीं, हिरव्या ओळींत मधूनच एखादें झाड मान टाकतें. कधीं एकच बाजू वाळते, कधीं चार-पांच झाडांचें टिपण एकदम जातें. जमिनींत ओल असतांही हें घडतें, म्हणून कोणी वाळवीस दोष देतो, तर कोणी दृष्टीस. पुढील सालीं त्याच शेतांत पुन्हां तूर घेतली तर तें टिपण वाढलेलें आढळतें. या नुकसानीचें खरें कारण वाचकांनीं स्वतःच्या शेतांतच पाहावें, म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहों.

वाळत असलेलें झाड मुळासकट उपटावें. बुडापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा खोडावर दिसेल. साल काढून खोड उभें चिरल्यास आंतील लांकडांत काळसर रेघा आढळतील. वाळवी लागली असती तर मूळ पोखरलेलें दिसलें असतें. या रेघा म्हणजे मुळांतून पानांकडे पाणी नेणाऱ्या नळ्या होत. जमिनींतील एक बुरशी बारीक मुळ्यांवाटे आंत शिरून या नळ्यांत आपले तंतु पसरते. तिला अडविण्यासाठीं झाड आंत चिकट पदार्थ सोडतें व त्यानेंही वाट बुजते. भोंवतीं ओल असून झाड तहानेनें मरतें तें असें; म्हणून पाणी देऊन तें वाचत नाहीं. या बुरशीस फ्युझेरियम उडम म्हणतात. बिहारमधील पुसा येथील संशोधनसंस्थेंत असतांना बटलर या शास्त्रज्ञांनीं या रोगाचा अभ्यास करून इ. स. १९१० मध्यें त्याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें.

पीक निघालें म्हणजे ही बुरशी संपली, असें नाहीं. जमिनींत राहिलेल्या धसकटांत ती सुमारें ३ वर्षें जिवंत राहूं शकते. आपण तुराट्या कापून घरीं नेतों आणि रोगट धसकटें नांगरानें शेतभर पसरतों. म्हणजे शत्रूचें बीं आपल्याच हातानें पेरतों. वखराच्या फासेस चिकटलेल्या मातीबरोबर व वाहत्या पाण्याबरोबरही ती पुढें सरकते.

परंतु एवढ्यावरून सर्वच बुरशांस वैरी मानणें न्यायाचें होणार नाहीं. ज्वारी, तूर, कापूस, कांदा या पिकांच्या मुळांत दुसऱ्या जातीच्या बुरशा मित्रभावानें राहतात. त्यांस मायकोरायझा म्हणतात. या नांवाचा अर्थच बुरशी-मूळ असा आहे, व तें इ. स. १८८५ मध्यें जर्मनींतील फ्रँक या शास्त्रज्ञानें दिलें. त्यांचे तंतु मुळांच्या केसांहूनही बारीक असून, जेथें मूळ पोहोंचत नाहीं तेथील स्फुरद आणून पिकास देतात. मोबदल्यांत पीक त्यांस पानांत तयार झालेली साखर व स्निग्धांश पुरवितें. हा सौदा उभयतांच्या हिताचा आहे. मात्र जमीन दीर्घकाळ पडीत राहिली, किंवा स्फुरदयुक्त खत गरजेपेक्षां फार घातलें, तर या बुरशा कमी होतात. मोहरी व कोबी यांच्या मुळांशीं तर त्या बहुधा नांदतच नाहींत.

तिसरी जात ट्रायकोडर्मा हिची. ही शत्रुबुरशीच्या तंतूंस वेढून त्यांवर जगते व त्यांचें अन्नही बळकावते. ती सेंद्रिय खतावर चांगली वाढते, म्हणून शेणखतानें पोसलेल्या जमिनींत तिला बळ येतें.

आतां उपायांविषयीं. लागण झालेल्या झाडास वांचविणारें औषध नाहीं, हें प्रथमच स्पष्ट सांगितलें पाहिजे. जो उपाय करावयाचा तो पेरणीपूर्वीं. रोगट झाडें मुळासकट उपटून जाळावींत. ज्या तुकड्यांत मर फार असेल तेथें निदान ३ वर्षें तूर घेऊं नये. ज्वारी अगर बाजरी घ्यावी, कारण ही बुरशी तुरीवर पोसणारी असल्यानें तिची उपासमार होते. ज्यांस घरच्या डाळीसाठीं तूर सोडणें शक्य नाहीं, त्यांनीं ती दुसऱ्या तुकड्यांत हलवावी व ज्वारींत मिसळून पेरावी. नुसत्या तुरीपेक्षां ज्वारींतील तुरीस मर कमी लागतो, असें प्रयोगांत दिसून आलें आहे; वडिलांची मिश्र पिकाची चाल केवळ दुष्काळाच्या भीतीपुरती उपयोगी नव्हती. बियाणें मर न लागणाऱ्या वाणाचें घ्यावें. बदनापूर येथील बी. एस. एम. आर. ७३६ हा वाण मर व वांझ या दोन्ही रोगांस दाद देत नाहीं. पेरणीपूर्वीं दर किलो बियाण्यास ट्रायकोडर्माची भुकटी ४ ग्रॅम चोळावी. ही स्वतः बुरशीच असल्यानें बुरशीनाशक औषधांत ती कालवूं नये.

मराचें टिपण दिसलें कीं बांधापासून पावलें मोजून त्याची जागा टिपून ठेवावी. पुढील सालीं तूर कोठें पेरूं नये, हें त्या टिपणावरून कळेल. आणि तें टिपण वाढतें कीं आटतें, यावरून आपले उपाय लागू पडले कीं नाहींत याचा निवाडा ज्याचा त्यास करतां येईल.