गोळीने गुण आला, की नुसतं बरं वाटलं?

साठी ओलांडलेल्या पुरुषाला रात्री तीन-चारदा उठावं लागतं, मोरीत उभं राहिल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागतो आणि लघवी झाल्यावरही थोडी आत राहिलीच आहे असं वाटत राहतं. सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली दिसते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मग सल्ले सुरू होतात: कुणाच्या मेव्हण्याला अमुक कॅप्सूलने महिन्याभरात फरक पडला, कुणी वर्षभर डॉक्टरांची गोळी घेतली आणि काही उपयोग झाला नाही म्हणून सोडून दिली. माझं म्हणणं असं की, या दुखण्यात बरं वाटणं हा औषध लागू पडल्याचा पुरावा नाही आणि लवकर बरं न वाटणं हा औषध निकामी असल्याचाही पुरावा नाही. गेल्या तीस वर्षांतल्या चाचण्यांनी या दोन्ही गोष्टी दाखवून दिल्या आहेत.

या त्रासाची मोजदाद सात प्रश्नांच्या एका तक्त्यावर होते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, १९ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. साधारण तीन गुण कमी झाले की माणसाला ‘जरा बरं आहे’ असं जाणवतं. पण हे गुण एका जागी टिकत नाहीत. थंडीत, पोट साफ नसताना, सर्दीची गोळी घेतल्यावर ते चढतात आणि पुढे आपसूक उतरतात. माणूस औषध शोधायला निघतो तो त्रास शिगेला पोचल्यावर. त्या दिवशी त्याने काहीही घेतलं, तरी पुढच्या महिन्यात थोडा उतार पडण्याचीच शक्यता जास्त. शिवाय उपचार सुरू झाला या नुसत्या धीरानेही गुण उतरतात. म्हणून तुलना लागते.

सॉ पामेटोचं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या एका बुटक्या ताडाच्या फळांचा हा अर्क आपल्याकडेही कॅप्सूलमधून विकला जातो. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २२५ पुरुषांपैकी निम्म्यांना हा अर्क दिला आणि निम्म्यांना औषध नसलेली, पण दिसायला हुबेहूब कॅप्सूल. अर्क तेलकट आणि कडसर असतो, म्हणून खोट्या कॅप्सूलमध्येही तसाच तपकिरी, कडवट द्रव भरला होता. वर्षअखेरीस दोन्ही गटांत फरक आढळला नाही. डोस कमी पडला असेल, अशी शंका निघाली. तीही तपासली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६९ पुरुषांना ७२ आठवड्यांत डोस तिप्पट करत नेला. अर्क घेणाऱ्यांचे गुण सरासरी दोनाच्या आसपास उतरले आणि औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांचे जवळजवळ तीन. ‘जरा बरं आहे’ म्हणायला लागतात तितकेच गुण, औषधाविना.

गोळीचंच असं होतं असं नाही. प्रोस्टेटचे दोन्ही भाग बारीक टाक्यांनी बाजूला ओढून लघवीची वाट मोकळी करण्याचं एक तंत्र आहे. त्याच्या चाचणीत २०६ पुरुषांपैकी काहींवर ते केलं. उरलेल्यांना फक्त दुर्बीण घातली आणि त्यांना दिसू नये अशा आडोशामागे उपकरणाचे आवाज काढले. तीन महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या गटाचे ११ गुण उतरले होते. नुसते आवाज ऐकलेल्यांचेही जवळजवळ सहा! म्हणजे उपचार खराच होता, पण रुग्णाला जाणवलेल्या सुधारणेतला अर्ध्याहून थोडा कमीच त्याच्या वाट्याचा.

‘मला गुण आला, मग कारण काही का असेना,’ असं कुणी म्हणेल. त्रास सौम्य असेल तर त्यावर माझी हरकत नाही. तसंही अशा वेळी संध्याकाळनंतर पाणी आणि चहा कमी करून थांबणं हाच उपाय बहुतेकांना पुरतो. पण तेवढ्या समाधानावर विसंबून आत मूत्राशय पूर्ण रिकामं होतंय का हे पाहायचं राहून जातं, आणि धोका तिथे आहे. जरा बरं वाटत असलेल्या माणसाच्याही मूत्राशयात लघवी साठून राहू शकते, पुढे मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. ‘नैसर्गिक आहे, तोटा काय?’ या प्रश्नाचं उत्तरही हेच: वाया जातो तो वेळ. गोखरू, वरुण यांच्या काढ्यांना किंवा गोळ्यांना मी वेगळा न्याय लावत नाही. एखाद्या वनस्पतीची अशीच कडक तुलना होऊन ती टिकली, तर ती आनंदाने लिहून द्यावी.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि माझ्या मते हीच जास्त महत्त्वाची. फिनास्टेराइड ही ग्रंथी हळूहळू आकसवणारी गोळी. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या अमेरिकी चाचणीत ती औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. तिथेच थांबलो असतो तर तिला सॉ पामेटोच्या पंक्तीला बसवलं असतं. पण १९९८ मध्ये ३,०४० पुरुषांच्या चार वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात पुरुष मोठ्या ग्रंथीचे निवडले होते. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत शंभरांपैकी दहांवर शस्त्रक्रियेची वेळ आली, फिनास्टेराइड घेणाऱ्यांत पाचांवर. लघवी पूर्ण अडण्याचं प्रमाण सातावरून तीनावर आलं. फरक मुदतीचा होता आणि ग्रंथीच्या आकाराचा. लहान ग्रंथी आकसवून मिळणार काय? साधारण ४० मिलिलिटरच्या पुढे या गोळीचा उपयोग दिसू लागतो.

२००३ मध्ये ३,०४७ पुरुषांच्या आणखी एका चाचणीने याच मुद्द्याची पुढची पायरी दाखवली. डॉक्साझोसिनसारख्या गोळ्या लघवीच्या वाटेचे स्नायू सैल करतात, त्यामुळे आराम लवकर पडतो. दीर्घ काळात मात्र लघवी अडणं किंवा शस्त्रक्रिया त्या एकट्याने टाळू शकल्या नाहीत. फिनास्टेराइडने ते टळलं, आणि दोन्ही मिळून दुखणं बळावण्याचा धोका दोन-तृतीयांशाने घटला. ज्या गोळीने पटकन बरं वाटतं ती पुढचं संकट टाळतेच असं नाही, आणि जी टाळते ती पहिले काही महिने काहीच करत नसल्यासारखी भासते.

या चाचण्यांतले बहुतेक पुरुष गोरे होते, मग त्या आपल्याला कशा लागू पडणार? शंका रास्त आहे. पण गोळीचं काम वंशापेक्षा ग्रंथीच्या आकारावर ठरतं आणि तो आकडा तुमच्या सोनोग्राफीच्या कागदावर असतो. दुसरी शंका कंपन्यांच्या पैशाची. फिनास्टेराइडची चार वर्षांची चाचणी ते बनवणाऱ्या कंपनीनेच केली, हे खरं. पण २००३ च्या चाचणीला अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेचा पैसा होता आणि निष्कर्ष त्याच दिशेने गेले. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: शंभरांपैकी पाच शस्त्रक्रिया टळतात, म्हणजे उरलेल्या ९५ जणांनी त्या बाबतीत गोळी फुकटच घेतली की! शिवाय त्यातल्या काहींना कामेच्छा कमी होण्याचा, शिथिलतेचा त्रास होतो. म्हणूनच ही गोळी सरसकट सर्वांना नाही. ग्रंथी मोठी, लघवी मागे राहणारी, शस्त्रक्रिया टाळायची इच्छा, अशांनाच ती द्यावी, आणि दिली तर निदान सहा महिने तिचा हिशेब मागू नये.

गोळी चालू असेल तर काही गोष्टी स्वतःहून सांगा. फिनास्टेराइडने पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो, तेव्हा रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना गोळीचं नाव कळलं पाहिजे. घरात गरोदर बाई असेल तर तुटलेल्या गोळीला तिचा हात लागू देऊ नका. टॅमसुलोसिन ही डॉक्साझोसिनच्याच जातीची गोळी घेत असाल, किंवा पूर्वी घेतली असेल, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी नेत्रतज्ज्ञांना सांगा. त्या गोळीने बुबुळ ढिलं पडतं आणि शस्त्रक्रिया अवघड होते. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला क्षणभर बसा, कारण स्नायू सैल करणाऱ्या या गोळ्यांनी उभं राहताच भोवळ येऊ शकते. आणि लघवी पूर्ण अडली, तिच्यात रक्त दिसलं किंवा लघवीच्या त्रासाबरोबर थंडी वाजून ताप आला, तर कॅप्सूल-काढा बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.